फिल्टर की ॲप? लाँग एक्स्पोजरच्या कामाच्या नोंदी

११ ऑक्टोबर

काम असं आहे: दिवसाउजेडी वाहतं पाणी आणि ढग मऊ दिसतील असे लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेले फोटो. त्यासाठी गडद एनडी फिल्टरच (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काळपट काच) लागतो, की कॅमेऱ्यातलं ॲप लागोपाठ फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढून देतं तेवढ्यावर भागतं, याचा निकाल स्वतःच्या फोटोंवर लावायचा आहे. दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे पुष्कळ आहेत. ट्रायपॉड न हलवता, त्याच चौकटीत, पाठोपाठ दोन्ही प्रकार करून शेजारी ठेवलेले फोटो मात्र क्वचितच बघायला मिळतात. म्हणून या नोंदी.

सामान: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, त्यातलं सरासरी काढणारं ॲप, १० स्टॉपचा एक गोल फिल्टर, एक फिरवून कमीजास्त करायचा एनडी, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार), आणि जरा जडच असा ट्रायपॉड.

हिशेब एकदाच लिहून ठेवते. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. ३ स्टॉप म्हणजे आठवा हिस्सा, ६ स्टॉप म्हणजे चौसष्टावा, १० स्टॉप म्हणजे १०२४वा. एफ/११ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) वर उघड्या उजेडात शटरचा वेळ १/६० सेकंद येत असेल, तर १० स्टॉपचा फिल्टर लावल्यावर १७ सेकंद. ॲपची वाट वेगळी. ते १/६०च्याच फ्रेम घेत राहतं आणि शेवटी एकच फोटो हातात देतं.

१२ ऑक्टोबर

बाहेर नेण्याआधी फिल्टरचा खरा जोर मोजला. सारखा उजेड पडलेली भिंत, मॅन्युअल फोकस, एफ/११. फिल्टरशिवाय १/६०, हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उंचवटा बरोबर मधोमध. फिल्टर लावून १७ सेकंद दिले तर उंचवटा डावीकडे सरकलेला. २० सेकंदांनाही कमीच. २५ सेकंदांना तो पहिल्या जागी आला.

म्हणजे माझ्या फिल्टरवर १० लिहिलेलं असलं तरी तो साडेदहा स्टॉपचा आहे. १०२४ने नव्हे, १५००ने गुणायचं. १/६०ला फरक आठ सेकंदांचाच पडतो. पण उजेड उतरून १/१५ झाला की कागदावरचे ६८ सेकंद प्रत्यक्षात १०० होतात, आणि तिथे अंदाज चुकला तर दीड मिनिट फुकट जातं. फिल्टरच्या डबीवर आतल्या बाजूने १५०० लिहून ठेवलं. हे काम दहा मिनिटांचं आहे, घरबसल्या होतं, आणि ते केल्याशिवाय फिल्टर बाहेर काढूच नये असं माझं मत झालंय.

फिल्मवर काम करणाऱ्यांना लांब एक्स्पोजरला वेगळी भर घालावी लागायची, कारण फिल्म लांबलेल्या वेळेत मंदावते. सेन्सरचं तसं नाही. गुणाकार सरळ आहे.

१३ ऑक्टोबर

रंग. फिल्टरमधून घेतलेली भिंत तांबूस-तपकिरी आली. राखाडी कार्डावर, फिल्टर लावूनच, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची जुळणी) धरला आणि भिंत सरळ झाली. इथपर्यंत ठीक.

मग कार्डाशेजारी काळं सिंथेटिक कापड ठेवलं आणि खरी भानगड दिसली. कार्ड राखाडी, भिंत पांढरी, पण कापड वांगी रंगाचं. व्हाइट बॅलन्स कुठेही नेला तरी कापड काळं होईना. त्याला काळं करावं तर बाकी सगळं हिरवट. ही इन्फ्रारेडची, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाची गळती. फिल्टर दिसणारा उजेड हजारपट कमी करतो, पण इन्फ्रारेड तितका अडवत नाही. एरवी सेन्सरपुढची काच तो बहुतेक थोपवते. फिल्टरमुळे एक्स्पोजर हजारपट लांबलं की काचेतून निसटणारा तेवढासा अंशही साचत जातो. काही काळी कापडं इन्फ्रारेड परतवतात, म्हणून तिथे आधी कळतं. झाडांची पानंही परतवतात, म्हणजे हिरवळीत हे सगळीकडे थोडं थोडं असणार.

उपाय दोनच: इन्फ्रारेड अडवण्याचा थर असलेला फिल्टर, किंवा कमी जोराचा फिल्टर. ॲपला हा प्रश्नच नाही, कारण पुढे फिल्टरच नाही. रंगाच्या बाबतीत ॲप निर्विवाद पुढे.

१८ ऑक्टोबर

धबधबा. आधी ॲप. एफ/११, १/६०, १६ फ्रेम.

फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुंदर वाटला. संगणकावर पूर्ण आकारात उघडला आणि पाण्याचा पडदा मऊ नव्हता, दाणेदार होता. उडालेला प्रत्येक थेंब सोळापैकी एखाद्याच फ्रेममध्ये सापडलेला, म्हणून ठिपक्यावर ठिपका असा थर. कड्यावरून सुटणाऱ्या पाण्याची धार सलग रेघ असायला हवी. इथे एकाच धारेच्या अनेक पुसट प्रती एकमेकींवर पडलेल्या. फ्रेम ६४ केल्या. दाणा बारीक झाला, गेला नाही.

त्याच जागी १० स्टॉपचा फिल्टर, २५ सेकंद. पाणी सलग, रेशमी. पण डावीकडचं झुडूप वाऱ्याने पार पुसून गेलं, आणि कड्याखालच्या ओल्या काळ्या दगडांवर तीच वांगी झाक.

१९ ऑक्टोबर

कालचा दाणा का आला, ते आज मोजलं. फोनवर स्टॉपवॉच चालू करून ॲपनेच त्याचे फोटो घेतले, प्रत्येक फ्रेम सुटी जतन करून. शतांशाचे आकडे एकमेकांत मिसळलेले, दशांश मात्र स्वच्छ वाचता येत होते: ४.१, ४.८, ५.४, ६.१, ६.८. म्हणजे दर ०.६७ सेकंदाला एक फ्रेम. त्यात शटर उघडं फक्त १/६०, म्हणजे जेमतेम ०.०१७ सेकंद. उरलेल्या वेळात कॅमेरा मागची फ्रेम वाचतोय, हिशेबात मिळवतोय, पुढचीची तयारी करतोय, आणि पाणी त्याच्या नजरेआड वाहून जातंय.

शंभरातले अडीच भाग डोळा उघडा, साडेसत्त्याण्णव भाग मिटलेला. या कामातली ग्यानबाची मेख हीच. ॲपच्या पडद्यावर फ्रेमची संख्या दिसते, एकूण वेळ दिसतो; शटर त्यातला किती वेळ उघडं होतं हे दिसत नाही. पाणी मऊ होतं ते त्या उघड्या वेळामुळे. फ्रेम ६४च्या २५६ केल्या तरी हे प्रमाण अडीचच राहतं.

२० ऑक्टोबर

मग एका फ्रेमचाच वेळ वाढवायला हवा. डोळा मिटण्याचा काळ ०.६५ सेकंद ठरलेला आहे, तो माझ्या हातात नाही. फ्रेम एक सेकंदाची केली तर १.६५ पैकी १ सेकंद उघडा, म्हणजे ६० टक्के. दोन सेकंदांची केली तर ७५.

एफ/११ आणि १/६० वरून एक सेकंदावर जायला ६ स्टॉप हवेत. छिद्र आणखी बारीक करून थोडे मिळतात, पण एपीएस-सी सेन्सरवर एफ/१६च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच मऊ पडतं, शिवाय सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपके होऊन उमटते. ती वाट सोडली.

फिरवायचा एनडी लावून पाहिला. तो आतून दोन पोलरायझरच (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या काचा) असतो. रुंद लेन्सवर जास्त जोराला फिरवला की चौकटीत काळपट फुलीसारखा पट्टा येतो. १६ मिलिमीटरला तो चार स्टॉपच्या आसपासच दिसू लागला. लांब लेन्सवर किंवा व्हिडिओसाठी तो उपयोगी आहे, या कामाला नाही. ६ स्टॉपचा साधा फिल्टर मागवला. बजेटमध्ये हा खर्च धरलेला नव्हता.

१ नोव्हेंबर

६ स्टॉपचा आला. भिंतीसमोर मोजला: १/६० ला बरोबर एक सेकंद, म्हणजे लिहिल्याप्रमाणे. काळं कापड जवळजवळ काळंच. एक्स्पोजर कमी लांबतं, त्यामुळे इन्फ्रारेडही त्या प्रमाणात कमी साचतो.

त्याच धबधब्यावर परत. ६ स्टॉपचा फिल्टर आणि ॲप, दोन्ही मिळून: एक सेकंदाच्या १६ फ्रेम, सगळं आवरायला २६ सेकंद. पाणी सलग आलं. दाणा शोधूनही सापडत नाही. १० स्टॉपच्या फोटोशेजारी ठेवला तर पाण्यावरून कोणता कोणता ते ओळखता येत नाही. सावलीतल्या दगडांवरून येतं.

सावलीचं कारण असं. १६ फ्रेमची सरासरी म्हणजे सोळापट उजेड गोळा केल्यासारखं. गोंगाट (नॉइज, फोटोतले नको असलेले कण) एक चतुर्थांशावर येतो. आयएसओ १०० चा फोटो आयएसओ ६ ला काढल्यासारखा स्वच्छ. कपारी तीन स्टॉप उजळल्या तरी शेवाळाचा पोत टिकला. १० स्टॉपच्या एकाच फ्रेममध्ये तेवढं उजळलं की रंगीत कचरा वर येतो.

झुडपाचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखंच. त्यासाठी फिल्टर काढून १/६०ची एक सुटी फ्रेम घेतली आणि पानं त्यातून लावली. वारा असेल तिथे ही फ्रेम घेतल्याशिवाय हलायचं नाही.

२ नोव्हेंबर

ॲपने कॅमेऱ्यातच जोडून दिलेला फोटो आणि सुट्या रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) फ्रेम संगणकावर जोडून केलेला फोटो, दोन्ही ताडून पाहिले. जेपीईजीमध्ये मिळालेल्या जोडफोटोत आकाश उजळल्यावर पट्टे पडतात. १६ फ्रेमनी कमावलेली स्वच्छता ८ बिटांच्या फाइलमध्ये मावतच नाही. ॲप रॉ देत असेल तर रॉच घ्यावी.

शक्य असेल तिथे मी आता सुट्या फ्रेमच घेते. जोडकाम फोटोशॉपच्या स्टॅक मोडमध्ये ‘मीन’ (सरासरी) निवडून होतं. फुकट हवं असेल तर इमेजमॅजिक हेच काम एका ओळीच्या आज्ञेत करतं. ‘मीडियन’ (सगळ्या फ्रेममधलं मधलं मूल्य) हा पर्याय वेगळ्या कामाचा: चौकटीतून चालत गेलेली माणसं तो पुसून टाकतो, पण पाण्याला मेणचट करतो. पाण्याला मीन, गर्दीला मीडियन.

जागा मात्र खाते. रॉ फाइल २५ ते ३० एमबीची, ३२ फ्रेमचा एक फोटो जवळपास एक जीबी. जोडून झालं आणि निकाल पटला की सुट्या फ्रेम पुसते, नाहीतर डिस्क पुरत नाही.

८ नोव्हेंबर

समुद्र, वारा जोरात. सुट्या फ्रेमचा खरा फायदा आज कळला. १० स्टॉपचा १०० सेकंदांचा फोटो चालू असताना मध्येच झोत आला आणि ट्रायपॉड थरथरला. अख्खा फोटो गेला. पुन्हा लावला, त्या वेळी लाटेचा तुषार काचेवर. तोही गेला. याच वेळात घेतलेल्या दोन सेकंदांच्या फ्रेममधून हललेल्या चार बाजूला काढल्या, उरलेल्यांची सरासरी काढली, काम झालं. कॅमेऱ्यात जोडून फक्त शेवटचा फोटो देणाऱ्या ॲपमध्ये ही सोय नसते. एक फ्रेम बिघडली की ती सगळ्यांत मिसळते.

ट्रायपॉडचे पाय वाळूत हळूहळू रुततात. एका लांब एक्स्पोजरमध्ये ते नुसतं मऊपणासारखं दिसतं आणि दोष लेन्सला दिला जातो. सुट्या फ्रेम एकामागून एक पाहिल्या की चौकट खाली सरकताना स्वच्छ दिसते. पाय आधी दाबून रोवायचे, लाट परतताना नाही, आणि लेन्समधलं स्थिरीकरण बंद ठेवायचं.

परतताना १० स्टॉपचा फिल्टर निघेना. आट्यांत बारीक वाळू गेलेली. बोटांनी कडेला दाबून फिरवलं की कडं लंबगोल होतं आणि आणखी आवळतं. रबरी हातमोजा घालून तळहात सपाट टेकवला, दाब न देता फिरवला, तेव्हा सुटला. पितळी कड्याचे फिल्टर अॅल्युमिनियमपेक्षा कमी अडकतात; पुढचा घेताना हे आधी बघणार.

९ नोव्हेंबर

कालच्याच फोटोंत एक गोष्ट ध्यानात आली, ती कुठे वाचलेली नव्हती.

पाण्यावर ऊन चमकत होतं. फिल्टर न लावता, फक्त ॲपने १/६०च्या फ्रेम घेतल्या होत्या, त्यात चमचमता पट्टा राखाडी आणि निर्जीव आलाय. फिल्टरच्या फोटोत तोच पट्टा उजळ, पिवळसर, खराखुरा. कारण शोधायला सुट्या फ्रेम उघडल्या. प्रत्येकीत चमकेचे ठिपके जळून ठार पांढरे झालेले. एक ठिपका सेन्सरच्या मर्यादेपेक्षा दहापट तेजस्वी असला तरी फाइलमध्ये त्याची नोंद ‘पूर्ण पांढरा’ एवढीच. सरासरी काढताना ते दहापट तेज हिशेबात येतच नाही, त्याचा रंगही नाही. फिल्टरमध्ये उलटं होतं: चमक आणि तिच्या मधला अंधार सेन्सरवर आधी एकत्र साचतात, मर्यादेचा प्रश्न नंतर येतो. सरासरी उजेडाचीच होते, आकड्यांची नाही.

म्हणून ॲप वापरताना चमक असेल तिथे एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप कमी ठेवायचं. फ्रेम अंधाऱ्या येतात, पण सरासरीने गोंगाट इतका उतरतो की नंतर उजळायला हरकत नाही. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हे सांगणार नाही. जळलेला भाग लुकलुकवणारी सूचना चालू ठेवावी लागते.

१५ नोव्हेंबर

ढग. इथे ॲप एकटं, फिल्टरशिवाय, पुरून उरलं. १/६०च्या २५६ फ्रेम, जवळपास तीन मिनिटं. ढग लांबवर ओढले गेले आणि दाणा नाही.

पाण्यात फसलेलं गणित इथे का चाललं? डोळा मिटलेला असताना वस्तू चौकटीत किती सरकते आणि तिची कडा किती धारदार आहे, यावर सगळं अवलंबून. ०.६७ सेकंदात ढग काही पिक्सेलच सरकतो आणि त्याची कडा मुळातच त्याहून कितीतरी रुंद, विरलेली असते. दोन प्रती एकमेकींत मिसळून जातात. थेंबाची कडा धारदार, वेग प्रचंड. जागा वाचवायला पाच सेकंदांच्या अंतराने फ्रेम घेऊन पाहिल्या, तर ढगांच्या कडांना पायऱ्या पडल्या.

तीन-चार मिनिटांच्या एकाच एक्स्पोजरला आणखी एक जाच असतो: तापलेल्या सेन्सरचे लाल-निळे ठिपके. ते काढायला कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन चालू केलं तर तो तितकाच वेळ शटर बंद ठेवून दुसरी फ्रेम घेतो. चार मिनिटांच्या फोटोला आठ मिनिटं, आणि मावळतीला तेवढ्यात रंग निघून जातो. १/६०च्या फ्रेममध्ये हे ठिपके जमतच नाहीत.

२२ नोव्हेंबर

रात्री पुलावरून वाहनांच्या दिव्यांच्या रेघा. ॲपला इथे जागा नाही. डोळा मिटला की रेघ तुटते. लाल रेघेऐवजी लाल तुकडे. फ्रेम चार सेकंदांच्या केल्या तरी तुटण्याच्या जागा दिसतात, कारण दिव्याची कडा धारदार आणि भोवती काळोख. शिवाय सरासरीने रेघा फिकट पडतात. दिव्यांसाठी सरासरी नव्हे, ‘लाइटन’ हवं, जिथे प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ क्षण राखला जातो. अंधार असल्याने फिल्टरचीही फारशी गरज पडली नाही. एफ/११, ३० सेकंद, एकच फ्रेम.

आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटरवर कमी वेळाच्या काही फ्रेम घेतल्या, त्यात एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे आले. दिवसा ॲपसोबत मात्र हेच शटर वापरते. २५६ फ्रेमचा एक फोटो यांत्रिक शटरवर काढणं म्हणजे शटरचं आयुष्य उगाच झिजवणं.

२९ नोव्हेंबर

कोणत्या कॅमेऱ्यात काय मिळतं, तेही लिहून ठेवते, कारण वरचे सगळे आकडे माझ्या कॅमेऱ्याच्या ०.६५ सेकंदांवर उभे आहेत.

सोनीच्या जुन्या मिररलेसमध्ये, उदाहरणार्थ ए६००० किंवा पहिल्या ए७ मध्ये, ‘स्मूद रिफ्लेक्शन’ नावाचं ॲप टाकता यायचं. २०१७ च्या ए९ पासून पुढच्या कॅमेऱ्यांत ॲप टाकायची सोयच राहिली नाही. ऑलिंपसने २०१९ च्या ई-एम१एक्समध्ये ‘लाइव्ह एनडी’ आणलं, ५ स्टॉपपर्यंत. पुढे ओएम-१ मध्ये ते ६ स्टॉप आणि २०२४ च्या ओएम-१ मार्क २ मध्ये ७ स्टॉप झालं. त्यात सेन्सर वेगाने वाचला जातो, डोळा जवळजवळ मिटत नाही, आणि परिणाम शटर दाबण्याआधी पडद्यावर दिसतो. निकॉन आणि कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत मल्टिपल एक्स्पोजरमध्ये (अनेक फ्रेम एकात जोडण्याच्या सोयीत) सरासरीचा पर्याय असतो, पण नऊ-दहा फ्रेमपुरता. तेवढ्या फ्रेम पाण्याला पुरायच्या तर प्रत्येक फ्रेम एक-दोन सेकंदांची हवी, आणि दिवसा त्यासाठी पुढे फिल्टर लावावाच लागतो.

६ डिसेंबर

धबधब्याचे दोन मोठे प्रिंट काढले, १० स्टॉपचा आणि ६ स्टॉप अधिक ॲप. हातभरावरून दोन्ही चांगले. जवळ गेलं की पहिल्यात ओले दगड एक काळा गठ्ठा, दुसऱ्यात भेगा मोजता येतात. १० स्टॉपचा फिल्टर विकणार नाही. दिवसाउजेडी पंचवीस सेकंदांची एकसंध फ्रेम हवी असेल तर त्याला पर्याय नाही. पण पिशवीत वरच्या कप्प्यात आता ६ स्टॉपचा आहे.

पुढच्या खेपेचा क्रम ठरवलाय. फिल्टर लावण्याआधी फोकस करून मॅन्युअलवर कुलूप. पानांसाठी १/६०ची सुटी फ्रेम याच वेळी, म्हणजे नंतर फिल्टर काढताना चौकट हलायची भीती नाही. मग ६ स्टॉपचा, राखाडी कार्डावर व्हाइट बॅलन्स, चमक असेल तर दीड स्टॉप कमी, दोन सेकंदांच्या १६ रॉ फ्रेम. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरचा डीएसएलआर असेल त्यांनी डोळ्याकडची खिडकी झाकावी, तिथून आत शिरलेला उजेड लांब एक्स्पोजरमध्ये फिकट धब्बा होऊन उमटतो. बॅटऱ्या दोन भरलेल्या. २५६ फ्रेमच्या ढगांनी एक बॅटरी अर्ध्यावर आणली होती.